घोरणे आणि ॲस्पिरिनची गोळी

सुरगाणा तालुक्यात हृदयविकाराचे रुग्ण तपासताना मी दोन प्रश्न हमखास विचारतो. ॲस्पिरिनची गोळी रोज घेता का? आणि रात्री घोरता का? पहिल्याचे उत्तर रुग्ण देतो, दुसऱ्याचे त्याची बायको. ‘घोरता घोरता आवाज बंद पडतो, मग गुदमरल्यासारखे दचकून उठतात,’ असे ती म्हणाली, की मला ‘स्लीप ॲप्निया’ची शंका येते.

या आजारात झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि झोप मोडते. असे रात्रभर घडते. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना हा आजार आढळला.

आता याचा गोळीशी संबंध काय? रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की गुठळी होते. ॲस्पिरिन त्यांना चिकटवणारे एक द्रव्य तयार होऊ देत नाही. पण गुठळीकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. श्वास अडला की ॲड्रिनॅलिन उसळते आणि तेही प्लेटलेटना चेतवते. ही वाट ॲस्पिरिन पुरती अडवत नाही. म्हणजे गोळी वेळेवर घेऊनही रात्रीचा धोका उरतो.

त्यावर उपाय सीपॅप यंत्राचा. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो मांडला. नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतात. यंत्र वापरल्यावर प्लेटलेट शांत झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले. मात्र २०१६ च्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत यंत्रामुळे हृदयविकार व पक्षाघात कमी झाले नाहीत. तिथे रुग्णांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. यंत्राने झोप व दिवसाची तरतरी नक्की सुधारते. हृदयासाठी त्यावर विसंबून गोळी सोडू नये.

तपासणीला नाशिकसारखे शहर गाठावे लागते, यंत्राला वीज लागते, हे खरे. पण कुशीवर झोपणे, वजन उतरवणे, रात्रीची दारू टाळणे आपल्या हाती आहे. ॲस्पिरिन मनाने वाढवूही नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा गोळ्यांच्या पाकिटाबरोबर घरचे माणूसही न्या. तुमची झोप त्यानेच पाहिलेली असते.