‘फास्ट’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेंतील ‘फास्ट’ हा चार अक्षरी शब्द आमच्या सुशिक्षित घरांतून आतां परका राहिलेला नाहीं. मुंबईची फास्ट लोकल सर्वांच्या ओळखीची आहे; कापडाचा रंग ‘फास्ट’ आहे कीं नाहीं हें गृहिणी दुकानांत विचारून घेतात; आणि रक्ततपासणीच्या कागदावरील ‘फास्टिंग’ हा शब्द तर घरोघरीं येऊन पोंचला आहे. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणीं तो धांवतो, दुसऱ्या ठिकाणीं जागचा हलत नाहीं, आणि तिसऱ्या ठिकाणीं उपाशी बसतो. धांवणारा आणि न हलणारा एकच कसा, अशी शंका एखादा विद्यार्थी घेतो, तेव्हां त्यास बहुधा ‘पाठ कर’ एवढेंच उत्तर मिळतें. शब्दाचें कुळ पाहिलें म्हणजे पाठ करण्याची गरज फारशी उरत नाहीं.

या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, पक्का, अचल असा आहे. प्राचीन इंग्रजींत तो याच अर्थानें येतो, आणि त्याचा जर्मन भाऊ ‘फेस्ट’ अद्यापहि ‘घट्ट’ याच अर्थानें चालतो. बांधणें या अर्थाचें ‘फासन’ हें क्रियापद याच घरचें. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे जागीं पक्का. त्यांतील ‘स्टेड’ म्हणजे जागा. जुन्या इंग्रजींत ‘शेमफास्ट’ असाहि एक सुंदर शब्द होता. लज्जेनें बांधलेला, विनयशील, असा त्याचा अर्थ. पुढें ‘फास्ट’चा हा अर्थ लोकांस आठवेना, तेव्हां त्यांनीं त्याचें ‘शेमफेस्ड’ करून टाकलें. जणूं लज्जा ही तोंडावरचीच गोष्ट! लोकांना शब्दाचें मूळ विसरलें म्हणजे ते त्याला असें नवें तोंड बसवितात.

हा जुना अर्थ आज वाक्प्रचारांत टिकून आहे. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, ‘फास्ट फ्रेंड्स’ म्हणजे जिवलग मित्र, ‘स्टक फास्ट’ म्हणजे रुतून बसलेला. भाषांतराच्या वह्यांत ‘होडी वेगानें अडकली’ आणि ‘तो जलद झोपला’ असलीं वाक्यें सांपडतात तीं मुलांच्या आळसामुळें नव्हेत. कोशांतील पहिला अर्थ उचलावा आणि पुढें जावें, ही जी संवय आम्ही वडील मंडळी त्यांना लावतों तिचें तें फळ आहे.

आतां अचल वस्तु धांवूं कशी लागली? याचा उलगडा आमच्या मराठींतच मिळतो. ‘झांकण जोरानें दाब’ आणि ‘जोरानें पळ’ हीं दोन्ही वाक्यें आपण रोज बोलतों. ‘जोर’ या फारसी शब्दाचा अर्थ बळ. पण बळ लावून धांवणारा वेगानेंच धांवणार, म्हणून दुसऱ्या वाक्यांत ‘जोरानें’ याचा अर्थ वेगानें असा होतो आणि तें कोणास खटकतहि नाहीं. इंग्रजींत असेंच झालें. ‘फास्ट’ म्हणजे प्रथम घट्टपणें, मग नेटानें, मग सर्व बळ लावून, आणि शेवटीं वेगानें. एकदां वेग आला कीं मर्यादाहि सुटते. बेबंद, चैनी आयुष्यालाहि इंग्रजींत ‘फास्ट’ म्हणूं लागले. ज्या कुळांत ‘स्टेडफास्ट’ जन्मला त्याच कुळांत हा उनाड निपजावा! एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

आमच्या ‘जलद’ शब्दाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. संस्कृतांत ‘जलद’ म्हणजे जल देणारा, मेघ. धांवपळींतला ‘जलद’ मात्र फारसींतील ‘जल्द’वरून आला. हे दोघे एकाच नांवाचे दोन परके गृहस्थ. त्यांचा सोयरसंबंध कांहीं नाहीं. इंग्रजी ‘फास्ट’ हा एका आजोबाचा भांडखोर नातवंडांचा परिवार. कोशांत दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणूनच अर्थ पाहतांना कुळ विचारावें लागतें.

वेगाच्या अर्थानें ‘फास्ट’ला इंग्रजींत भावकी पुष्कळ आहे. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानें 1852 सालीं आपला प्रसिद्ध थिसॉरस छापला, त्यांत शब्द अर्थाच्या गटांनीं मांडले आहेत. अमरकोश पाठ केलेल्या घराण्यांना ही पद्धत नवी नाहीं. अमरसिंहानें वायूच्या नांवांपाठोपाठ वेगाचे आणि शीघ्रतेचे शब्द असेच ओळीनें बसविले आहेत. परंतु एका ओळींत बसले म्हणून सगळे एका स्वभावाचे होत नाहींत. ‘क्विक’ याचा मूळ अर्थ जिवंत. नखाखालच्या नाजुक मांसाला इंग्रज अजून ‘क्विक’ म्हणतो, आणि पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे जिवंत रुपें. आपणहि वाहत्या झऱ्याला जिवंत झरा म्हणतोंच. ‘रॅपिड’च्या मुळाशीं हिसकावून नेणें या अर्थाचा लॅटिन धातु आहे, म्हणून खडकांतून उसळत जाणाऱ्या प्रवाहाला तो शोभतो. आणि ‘स्पीड’ म्हणजे मुळांत यश, भरभराट; घाई जितकी अधिक तितकी ‘स्पीड’ कमी, या अर्थाची जी इंग्रजी म्हण आहे तिच्यांत हाच जुना अर्थ आहे.

उपासाचा ‘फास्ट’ हाहि त्याच आजोबाचा नातू. त्याच्या पोटांत भुकेचा अर्थ मुळींच नाहीं. नियम घट्ट धरून राहणें, हा त्याचा पाया. गॉथिक या प्राचीन भाषेंत पाळणें आणि उपास करणें या दोहोंना एकच क्रियापद होतें. आमच्या ‘व्रत’ शब्दानेंहि हीच वाट धरली. वेदांत ‘व्रत’ म्हणजे नियम. आज एखादी सून ‘माझें व्रत आहे’ म्हणाली कीं सासूबाई तिचें पान मांडीत नाहींत. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे शब्दशः पारणें, रोज सकाळीं होणारें! ‘नाश्ता’ हा फारसी शब्दहि मुळांत ‘सकाळपासून कांहीं न खाल्लेला’ अशा अर्थाचा. तो पुढें खाण्याचेंच नांव झाला. उलट उपासमारीचा ‘स्टार्व्ह’ हा शब्द पूर्वी नुसता ‘मरणें’ या अर्थाचा होता. त्यांत नियम नाहीं, संकल्प नाहीं, नुसता मृत्यु.

न खाण्याला मराठींत शब्दांची वाण नाहीं, आणि प्रत्येकाचें क्षेत्र ठरलेलें आहे. ‘उपवास’ म्हणजे जवळ वसणें, देवाच्या सान्निध्यांत राहणें. ‘उपोषण’ हा त्याच धातूचा, पण आतां तो देवघरांतून कचेरीच्या दारांत जाऊन बसला आहे. त्याचे ‘लाक्षणिक’ आणि ‘साखळी’ असे प्रकारहि झाले. वैद्य सांगतो तें ‘लंघन’, मरणाच्या निश्चयानें बसणें तें ‘प्रायोपवेशन’. इंग्रजींतहि ‘फास्ट’ आणि ‘हंगर स्ट्राइक’ यांत असाच भेद आहे. राजकीय कैद्यांना योग्य वागणूक मिळावी म्हणून लाहोरच्या तुरुंगांत अन्न सोडून जतींद्रनाथ दास 63 व्या दिवशीं, 13 सप्टेंबर 1929 रोजीं मरण पावले. तो ‘हंगर स्ट्राइक’, म्हणजे भुकेनें केलेला संप. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध 20 सप्टेंबर 1932 रोजीं येरवड्यास अन्नत्याग आरंभिलेल्या गांधीजींनीं मात्र त्यास ‘फास्ट’ म्हटलें, कारण त्यांच्या मतें तें व्रत होतें. डॉ. आंबेडकरांना त्यांत दडपण दिसलें. 24 तारखेस पुणें करार झाला आणि 26 तारखेस उपवास सुटला. त्या कृत्याला कोणता शब्द लावावा, हाच त्या वादाचा गाभा होता.

आतां पुन्हा तपासणीच्या कागदाकडे. तेथील ‘फास्टिंग’ म्हणजे निदान आठ तास पाण्याखेरीज पोटांत कांहीं नाहीं. आमच्या घरांतला उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि दोन वेळां चहा. (साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो आणि बटाटा, दोघेहि मूळचे अमेरिकेचे, आमच्या पूर्वजांच्या एकादशीस ते ठाऊकहि नव्हते.) चतुर्थीच्या सकाळीं खिचडी खाऊन गेलेल्या काकूंना कोणी ‘उपाशी आहांत ना?’ असें विचारलें, तर त्या मनोभावें ‘हो, उपासच आहे’ म्हणतील, आणि साखरेचा आंकडा भलताच निघेल. तपासणी निदान पुन्हा करतां येते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात तेव्हां मात्र पोटांतलें अन्न वर येऊन फुफ्फुसांत शिरण्याचें भय असतें, म्हणून घन अन्न सामान्यतः निदान सहा तास आधीं बंद करावयास सांगतात. तेथें ‘उपास’ आणि ‘फास्टिंग’ यांची गल्लत जिवावर बेतूं शकते. अशा प्रसंगीं ‘उपास’ हा शब्द तोंडांतून काढूंच नये. काय खाल्लें, किती वाजतां खाल्लें, तेवढें स्पष्ट सांगावें. आमच्या आजीबाई काढा देतांना याला नेमका शब्द वापरीत : ‘अनशेपोटीं’. त्यांत खाणें या अर्थाचा ‘अश्’ धातु आणि त्यामागें नकार आहे. साबुदाण्याला त्यांत जागा नाहीं.