रुळांमधले ८९ मिलिमीटर

२२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत शिरल्या, तेव्हा रसदीपुढे गेजची, म्हणजे दोन रुळांमधील अंतराची अडचण उभी राहिली. सोव्हिएत गेज १५२४ मिलिमीटर, तर जर्मन १४३५. लाकडी स्लीपरांतले खिळे उपटून एक रूळ आत सरकवणे तसे सोपे होते, परंतु सोव्हिएत इंजिनांच्या बेताने दूरदूर उभारलेली पाणी भरण्याची ठिकाणे जर्मन इंजिनांना पुरत नसत, आणि हिवाळ्यात या जर्मन इंजिनांचे उघडे नळ गोठून फुटत. ‘गॅरी ग्रिग्सबीज वॉर इन द ईस्ट’ (२०१०) या संगणकीय युद्धखेळात दुरुस्ती पथके रूळ बदलत पुढे जातात, आणि त्या मार्गाच्या टोकापासून तुकडी जितकी लांब, तितके तिचे इंधन व दारूगोळा आटतो. मॉस्कोच्या वेशीवर अडखळणाऱ्या खेळाडूने रणगाडे मोजण्याआधी रुळांचा नकाशा उघडावा.