पाण्याखालचे छायाचित्रण : कॅमेरा निवडताना

नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आदिलाबादच्या दक्षिणेस नेरडीगोंडा लागते. तेथून सुमारे १२ किलोमीटरवर कडेम नदी जवळजवळ ४५ मीटर खाली कोसळते. हाच कुंतलाचा धबधबा. पाऊस सरला, गढूळपणा खाली बसला, की नदीच्या संथ डोहांत मासे दिसू लागतात; आणि ज्याच्या हाती कॅमेरा आहे, त्याला तो पाण्यात बुडवून पाहण्याचा मोह होतो. मग तो दुकानदारास विचारतो, 'पाण्यात चालेल असा कॅमेरा कोणता?' दुकानदार अर्थातच सर्वांत महागडा पुढे करतो. माझ्या मते प्रश्नच थोडा चुकला आहे. भिंग आणि मासा यांच्यामध्ये पाणी किती राहणार, हे आधी ठरवावे. कॅमेऱ्याची निवड त्या मागून करावी.

कारण, पाणी म्हणजे दाट झालेली हवा नव्हे. ते प्रकाशातील रंग एकामागून एक गिळून टाकते आणि त्यांत तांबडा पहिला बळी पडतो. पाच-सहा मीटर पाण्यातून गेलेल्या प्रकाशात तांबडेपणा फारसा उरत नाही. हे अंतर केवळ खोलीचे नाही, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत, अशी दोन्ही अंतरे जमेस धरावी लागतात. मासा तीन मीटर खोल आणि आपण त्याच्यापासून तीन मीटर दूर, म्हणजे प्रकाशाचा प्रवास सहा मीटरांचा झाला. शिवाय पाण्यात गाळ व सूक्ष्म जीव तरंगत असतात. त्यामुळे दुरून घेतलेले चित्र धुक्यातून घेतल्यासारखे फिके उतरते. कॅमेरा कितीही किमती असला तरी मधले पाणी त्याला दूर सारता येत नाही.

लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली बान्यूल्सच्या समुद्रात पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तेव्हा एकेका काचेला कधी अर्धा तास प्रकाश द्यावा लागे. आज ते काम क्षणाच्या शतांशात होते. परंतु प्रकाश अपुरा आणि पाणी आडवे, ही त्याची अडचण आपल्यालाही चुकलेली नाही.

म्हणून पहिला खर्च विस्तृत कोनाच्या भिंगावर करावा. अशा भिंगाने विषयापासून हातभर अंतरावर जाऊनही तो पुरता चौकटीत बसवता येतो. लहान जीव टिपायचे असतील तर अगदी जवळून स्पष्ट दाखवणारे, ज्याला 'मॅक्रो' म्हणतात ते भिंग घ्यावे. दुरूनच मोठे दाखवणारे झूम भिंग येथे बहुधा निरुपयोगी ठरते. भिंगासमोरच्या काचेचाही विचार करावा. सपाट काचेतून पाहिले असता वस्तू आहे त्याच्या तीन-चतुर्थांश अंतरावर भासते व कॅमेऱ्याच्या दृष्टीचा कोन आवळला जातो. मॅक्रोला हे पथ्यकरच पडते, विस्तृत भिंगाला मात्र नाही. त्याला घुमटाकार काच हवी. अर्धे पाण्याखालचे आणि अर्धे काठावरचे असे दुहेरी दृश्य घ्यायचे असेल, तर घुमट जितका मोठा तितके काम सोपे.

दुसरा खर्च प्रकाशाचा. गेलेले रंग परत आणण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे आपला दिवा बरोबर नेणे. स्थिरचित्रासाठी फ्लॅश, चलच्चित्रासाठी अखंड जळणारा दिवा. तो भिंगाजवळ बसवला तर तरंगणारा प्रत्येक कण चमकून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून तो लांब दांडीवर, बाजूला, किंचित बाहेरच्या दिशेस वळवून धरावा. तांबडी गाळणी हा स्वस्त पर्याय निळ्या, स्वच्छ पाण्यात चालतो. हिरवट पाण्यात ती फारशी उपयोगी नाही, आणि फ्लॅशबरोबर तर लावूच नये.

आता कॅमेरा. भ्रमणध्वनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उथळ पाण्यात हौस भागते. त्यापुढे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. गोप्रोसारखे चिमुकले कॅमेरे मूळचेच १० मीटरपर्यंत जलाभेद्य असतात, वेगळ्या कवचात ६०पर्यंत जातात. पूर्वी ऑलिंपसच्या नावाने निघणाऱ्या टीजी मालिकेतील कॅमेरे १५ मीटरपर्यंत तसेच नेता येतात व मॅक्रोत फार चांगले आहेत. नवशिक्याला मी हेच सुचवीन. मोठा कॅमेरा घ्यायचा तर आधी त्याच्या जलाभेद्य कवचाची किंमत विचारावी. ते पुष्कळदा कॅमेऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून महाग असते. आणि एका नमुन्यासाठी बनवलेले कवच पुढच्या नमुन्याला सहसा बसत नाही. कॅमेरा बदलला की कवच अडगळीत! दर १० मीटरांस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तो पेलण्याची कवचाची मर्यादा त्याच्यावर लिहिलेली असते.

नेरडीगोंड्याच्या डोहासाठी मात्र इतका पसारा नको. लांब बांबूच्या टोकाला चिमुकला कॅमेरा घट्ट बांधावा, काठावर बसून तो संथ पाण्यात सोडावा आणि गुपचूप राहावे. माणूस पाण्यात नसला की बुजलेले मासे आपोआप परत येतात. चित्रण आधीच सुरू करून ठेवावे. कारण बिनतारी लहरी पाण्यात हातभर अंतरही नीट पार करीत नाहीत, तेव्हा वरून भ्रमणध्वनीने हुकूम सोडणे व्यर्थ. धबधब्याच्या पायथ्याशी मात्र कोणीही उतरू नये. तेथील ओढीत व निसरड्या कातळांवर पट्टीचे पोहणारेही हतबल होतात. शिवाय खळाळत्या पाण्यात बुडबुड्यांखेरीज कॅमेऱ्याला दिसतेच काय?

खरी बुडी मारावयाची असेल तर मालवण-तारकर्लीस जावे. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत आणि बुडी शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. पावसाळ्यात हे सारे बंद असते. पहिल्या बुडीला कॅमेरा नेऊच नये, असे मी म्हणेन. पाण्यात एका जागी अधांतरी स्थिर राहणे ज्याला साधलेले नाही, तो कॅमेरा सावरताना प्रवाळावर पाय देतो, नाहीतर आपल्या श्वासाकडे दुर्लक्ष करतो. पहिली चूक त्या जिवाला भोवते आणि दुसरी आपल्या.

कवचाच्या तोंडाशी एक रबरी कडे असते. त्यावर एक केस वा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरते. कवच प्रथम रिकामेच बादलीत बुडवून पाहावे. कोरडे निघाले तरच आत कॅमेरा ठेवावा, सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. समुद्रातून वर आल्यावर सारे साहित्य न उघडता गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावे, कळा दाबून दाबून त्यांतले मीठ सुटू द्यावे, आणि पुरते पुसून कोरडे झाल्यावर, कोरड्या हातांनीच कवच उघडावे.