गवतातली चंदेरी नळी

भाताच्या बांधावर गवतात कधी कांद्याच्या पातीसारखी फिकट, पोकळ नळी दिसलीये? ती बहुतेक गादमाशीची गाठ. माशी डासाएवढी. तिची अळी कोंबात, जिथून वाढ होते तिथे जाऊन बसते आणि पानाचं आवरण तिच्याभोवती नळी होऊन वाढतं. मग त्या फुटव्याला लोंबी येत नाही.

खोडकिड्याशी गल्लत होते. त्यात मधला पोंगा वाळतो, ओढला की हातात येतो. इथे नळी ताजीच असते. बुडाशी उभी चिरून बघा, अळी किंवा कोष सापडेल. टोकाजवळ भोक दिसलं तर माशी उडाली. कोषाची साल बऱ्याचदा तिथेच अडकलेली असते.

पण नुसत्या नळीच्या फोटोवरून जात सांगायला जाऊ नका (ॲपवाले ऐकताय ना?). आधी गवत ओळखा. आफ्रिकेतल्या भातावरची गादमाशी आशियातलीच समजत होते. ती वेगळी जात आहे हे १९८२ मध्ये ठरलं. पश्चिम आफ्रिकेत रानटी कोद्र्यावर तर तिसरीच माशी गाठी करते, आणि ती भाताला हातही लावत नाही. उलट तिच्या अळ्यांवर वाढणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या भातावरच्या गादमाशीलाही मारतात. बांधावरचं ते गवत सरसकट उपटलं, तर त्यांना भाताचा हंगाम नसताना वाढायला जागाच उरत नाही.