चोरी कोणाची, शिक्का कोणाच्या कपाळी?

आपण बुद्धवंदनेत पंचशील म्हणतो. त्यातले दुसरे शील आहे न दिलेले न घेण्याचे. चोरीची याहून सोपी व्याख्या नाही. वाडीवरच्या निरक्षर म्हातारीलाही ती कळते. देशाचा फौजदारी कायदा वेगळे काही सांगत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या हेतूने हलवली की चोरी झाली. दीडशेहून अधिक वर्षे ही व्याख्या दंडविधानाच्या ३७८ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात आली.

आमच्या पोरांनी हे नीट समजून घ्यावे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. राहत्या घरातली किंवा वाहनाची चोरी असेल, नोकराने मालकाच्या घरी केली असेल, तर सात वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे. शिक्षा भोगून झाली तरी नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ती पुन्हा आडवी येते. चोरीचे समर्थन आम्ही कधीच करणार नाही.

पण आमचा प्रश्न वेगळा आहे. चोर म्हणायचे कोणाला, हे या देशात ठरवले कोणी?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाने शूद्राचे धन खुशाल घ्यावे, कारण शूद्राचे स्वतःचे काहीच नसते, असे सांगितले आहे. म्हणजे न दिलेले घेणे हाच एका वर्णाचा हक्क! तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, महाडला जाळला गेला. पण त्याची राख झाली तरी वृत्ती गेली नाही.

पेण, रोहा, सुधागडच्या डोंगरांतले कातकरी पाहा. खैराच्या झाडापासून कात काढणारा म्हणून तो कातकरी. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी जंगल सरकारी केले आणि बापजाद्यांचा धंदा एका फटक्यात चोरी ठरला. माणूस तोच होता, झाड तेच होते. कायदा बदलला आणि तो चोर झाला. याच जंगलासाठी २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला सत्याग्रह झाला, गोळीबार झाला. हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. पुढे चोरट्या जातीचा शिक्का याच समाजाच्या कपाळी राहिला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला खरा. पण गावात चोरी झाली की पहिला संशय आजही वाडीवरच जातो. तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

आता दुसरी बाजू पाहा. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पाचशे कोटींहून मोठा घोटाळा उघडकीला आला. बोगस कर्जखाती दाखवून पैसा वळवल्याचा आरोप झाला. त्यात पैसे अडकले ते मूर्तीकारांचे, मजुरांचे, निवृत्त शिक्षकांचे, मुलीच्या लग्नाला पै पै जमवणाऱ्या बायांचे. कायद्याच्या भाषेत ही चोरी नव्हे. विश्वासाने सोपवलेला पैसा हडपणे हा फौजदारी विश्वासघात. बँकवाल्याने तो केला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे कागदावर कायदा आंधळा नाही, मोठ्या चोरीला मोठी शिक्षा त्यात लिहिलेली आहे. पण ठेवीदारांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. सायकल चोरल्याचा संशय असलेल्या वाडीवरच्या पोराला कोणी इतकी सवलत देतो काय?

म्हणून हक्क पाठ करा. अटकेची कारणे सांगावीच लागतात. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. हे घटनेचे २२ वे कलम आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले आहे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, म्हणून माराला भिऊन न केलेले कबूल करू नका. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला विधी सेवा कायद्याने फुकट वकील मिळतो. पेण आणि रोह्याच्या न्यायालयांत त्यासाठी अर्ज करता येतो. आणि दलित-आदिवासीवर जाणूनबुजून खोटा खटला घालणे हाच अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचा प्रश्न एकत्रच मांडला. आम्ही मात्र जयंती आमच्या वस्तीत करतो आणि वाडीकडे पाठ फिरवतो. पुढच्या वेळी वाडीवरचा पोरगा ठाण्यात बसवलेला दिसला, तर त्याच्या बापाबरोबर आपल्यातला एक शिकलेला माणूस त्या पायरीवर उभा असला पाहिजे. पंचशील म्हणणाऱ्याकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.

जयभीम!