कापडाचे नाव, सूत आणि वीण

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शिवारात सोयाबीन आणि हळदीच्या जोडीने कापूसही पिकतो. हा कापूस विकताना त्याच्या धाग्याची लांबी थेट पैशांत मोजली जाते. २४.५ ते २५.५ मिलिमीटर म्हणजे मध्यम धागा आणि २९.५ ते ३०.५ मिलिमीटर म्हणजे लांब धागा, असे हमीभावाचे दोन मुख्य वर्ग आहेत. २०२४-२५च्या हंगामात या दोन वर्गांच्या क्विंटलच्या भावात ४०० रुपयांचे अंतर होते. कापूस विकताना इतके काटेकोर असणारे आपण कापड विकत घेताना मात्र नावावर विसंबतो. साटीन म्हणजे रेशीम, खादी म्हणजे जाडेभरडे, जीन्स म्हणजे काहीतरी वेगळाच धागा, असे धरून चालतो. या समजुतींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. तंतू कशाचा, सूत किती बारीक आणि कसे कातलेले, वीण कोणती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि कापडाचे नाव बहुधा त्यांतल्या एकाचेच उत्तर देते.

वीण घेऊ. साध्या विणीत आडवा बाणा उभ्या ताण्याच्या एका धाग्यावरून आणि पुढच्या धाग्याखालून जातो. धागे पदोपदी एकमेकांत अडकतात, म्हणून कापड जागचे हलत नाही, पण चुरगळतेही लवकर. मलमल, व्हॉइल, पॉपलिन, मांजरपाट ही सगळी याच विणीची कापडे. ट्विलमध्ये धागा एकाऐवजी दोन-तीन धागे ओलांडतो आणि दर ओळीला एक घर सरकतो, त्यामुळे कापडावर तिरप्या रेघा उमटतात. गाठभेटी कमी झाल्याने तेवढ्याच जागेत जास्त धागे ठासता येतात. जीन्सचे डेनिम टिकते ते मुख्यतः यामुळे. तंतू आपल्याच कापसाचा असतो. डेनिम उलटे करून पाहावे. ताणा निळीत रंगवलेला, बाणा पांढरा आणि विणीत ताणा वरच्या अंगाला जास्त, म्हणून आतली बाजू फिकट दिसते. साटीनमध्ये धागा चार किंवा त्याहून अधिक धाग्यांवरून मोकळा धावतो. त्या लांब, अखंड धाग्यावरून उजेड परततो आणि चकाकी येते. आणि तोच मोकळा धागा बांगडीत किंवा खिळ्यात अडकून ओढला जातो. ही चकाकी विणीची आहे. कापसाचेही साटीन होते, पॉलिस्टरचेही होते, आणि बाजारातले स्वस्त साटीन बहुतेक पॉलिस्टरचेच असते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगर आणि पैठण या भागात विणल्या गेलेल्या मशरू या कापडामध्ये ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साटीनची. त्यामुळे रेशीम वर राहते आणि अंगाला सूत लागते. अंगाला शुद्ध रेशीम लागू न देण्याचा धर्मनियम पाळणाऱ्या मुस्लिम पुरुषांसाठी ही युक्ती होती. एकाच कापडाच्या दोन बाजूंना दोन वेगळे गुण देण्याचे काम इथे विणीनेच केले आहे. हिमरू या कापडात सुती जमिनीवर नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा घालतात. नक्षी नसेल तिथे तो मागच्या बाजूला मोकळा लोंबतो. पारंपरिक पैठणीच्या पदरावर मात्र प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या जागेपुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे वळतो. म्हणून तिथला मोर दोन्हीकडून सारखाच दिसतो. पैठणीवर भरतकाम असते, हा सर्रास आढळणारा समज पदर उलटा करताच गळून पडतो.

खादीबद्दलचा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो खादी घडवणाऱ्या हातांवरच अन्याय करतो. हाताने कातलेले सूत हातमागावर विणले की ती खादी. सूत कापसाचे, रेशमाचे किंवा लोकरीचेही चालते. जाडी आणि वीण या व्याख्येत नाहीत. हातमागाचे प्रत्येक कापड खादी नसते, कारण त्याचे सूत बहुधा गिरणीचे असते. गोरेगावपासून फार दूर नसलेल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात आणि त्यांचे कापड उदगीरला विणले जाते. वाऱ्यावर फडकणारे हलके कापड आणि दोरी पेलणारी कडेची जाड पट्टी, एकाच ध्वजात दोन्ही खादीचीच असतात.

यावर कोणी म्हणेल, मग तंतूला काही अर्थच उरला नाही. तसे नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी आणि मलमल यांची वीण एकच, साधी. पण पावसात डोक्यावर घोंगडीच घेतात. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. उन्हाळ्यात अंगाला चिकटणाऱ्या शर्टाचे उत्तर तंतूत शोधावे लागते, चकाकीचे विणीत. दुसरा आक्षेप असा की एवढे कशाला पाहायचे, चादरीच्या पाकिटावर धाग्यांची संख्या छापलेली असते, ती मोठी असली की झाले. हा आकडा एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचा. काही विक्रेते तीन पदरी सुताचा प्रत्येक पदर वेगळा मोजतात, मग ३०० धाग्यांची चादर ९०० धाग्यांची होते. सुताचा काउंट ही आणखी निराळी गोष्ट: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० काउंटच्या एका पौंड सुताची लांबी ३३,६०० यार्ड भरते. हा आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. बारीक सुताचा पंचा कोणी मागणार नाही.

हाताला लागणारा पोतही फसवू शकतो, कारण नव्या कापडाचा भरीवपणा खळीचा असू शकतो आणि ती पहिल्या दोन धुण्यांत निघून जाते. त्यापेक्षा काठाजवळचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून चिमट्यात धरून वेगवेगळे जाळावेत. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. दोन्ही धागे जाळणे आवश्यक आहे, कारण मशरूचा फक्त आडवा धागा जाळला, तर ते कापड सुतीच ठरेल.