पाण्याला पायऱ्या हव्यात

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली आणि दोघांनी दहा वर्षांच्या मुलाला उचलून आत आणले. आईवडील ऊसतोडीला गेलेले, मुलगा आजीजवळ. खेळताना चेंडू शेततळ्यात गेला, तो काढायला हा उतरला. मी तपासले, उशीर झाला होता. आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "डॉक्टर, त्याला पोहता येत होतं हो!"

आजी खोटे बोलत नव्हती. शेततळ्यात पोहणारेही बुडतात. पाण्याखाली प्लास्टिकचा उतार असतो, त्यावर शेवाळ धरते. हाताला पकड नाही, पायाला टेकू नाही. मूल काठापर्यंत येते, घसरते, पुन्हा येते आणि थकते. बुडणारे मूल ओरडतही नाही. श्वास घ्यायचीच मारामार असते, हाक कोठून मारणार? म्हणून जवळ माणूस असूनही कळत नाही.

२०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल होते. म्हणजे खोली सुमारे दहा फूट. आपल्या दुष्काळी भागाला शेततळ्याने आधार दिला, त्याविषयी तक्रार नाही. पण जुन्या लोकांनी पाणी बांधताना माणसाचा विचार केला होता. बीडजवळची निजामशाहीतील खजाना विहीर पाहा, कंकालेश्वराचे कुंड पाहा. उतरायला पायऱ्या आहेत, त्याच पायऱ्यांनी वर येता येते. आपण पाणी साठवले, पायऱ्या तेवढ्या विसरलो.

शेततळ्यासाठी खर्च फार नाही. चारही बाजूंना जाड दोर सोडावा, त्याला हातभर अंतराने गाठी माराव्यात आणि वरचे टोक पक्क्या खुंटाला बांधावे. एका बाजूला शिडी कायमची ठेवावी. घट्ट बुचाचा रिकामा २० लिटरचा कॅन दोर बांधून काठावर असावा. आमच्या लहानपणी पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवीत. हा कॅन त्याच जातीचा. भोवती चार फूट उंच जाळी आणि मुलाला उघडता येणार नाही असे फाटक हवे.

मात्र नुसते कुंपण घालून भागणार नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की मूल पाणी शोधणारच. त्याला 'जाऊ नको' म्हणण्यापेक्षा 'इथे खेळ' म्हणावे. अंगणवाडीत, शाळेत किंवा घराच्या अंगणात लिंबाच्या सावलीत खरबरीत फरशी करावी. तिचा उतार झाडाच्या आळ्याकडे ठेवावा. वर भोके पाडलेला माठ टांगावा किंवा नळाला झारीचे तोंड बसवावे. मुले भिजतील, मातीचे बांध घालतील, कागदाच्या होड्या सोडतील आणि तेच पाणी झाडाला जाईल. नियम एकच : खेळाचे पाणी साचू देऊ नये. दोन वर्षांचे मूल वीतभर पाण्याच्या बादलीतही बुडू शकते. म्हणून घरातील हौद, टाकी, रांजण झाकलेले असावेत. खेळून झाल्यावर घमेले पालथे घालावे. आठवड्यातून एकदा हौद घासून कोरडा केला तर डेंग्यूच्या डासालाही जागा राहत नाही. पाच वर्षांखालील मूल पाण्याजवळ असेल तेव्हा मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे; ओट्यावरून लक्ष ठेवणे पुरेसे नाही.

तरीही प्रसंग आलाच तर? पोहता येत नसेल तर उडी मारू नका; दोर, कॅन किंवा लुगडे फेका. मुलाला बाहेर काढल्यावर पाय धरून उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी किंचित वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्या. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने व भरभर दाबा, मग २ श्वास. असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. त्या मुलांना वाचवायला कोणतेही औषध माझ्या कपाटात नाही.

वाचकहो, उद्या सकाळी एवढेच करा. आपल्या शिवारातील शेततळ्यावर जा आणि तेथे दोर आहे का ते पाहा. तळे शेजाऱ्याचे असेल तरी पाहा. लेकरे बांध ओळखत नाहीत.